सुवर्णपदकाआडचे आतडे

स्टीव्ह रेडग्रेव्ह या ब्रिटिश नौकापटूने १९८४ ते २००० या काळात सलग पाच ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळवले. १९९२ साली त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन दाह, असल्याचे निदान झाले. अशा चरित्रकथा सांगताना जिद्द उरते, औषधोपचार गळतात, दुखणे अंगावर काढण्याचेच कौतुक होते (आपल्याकडे तर हमखास!). हे अशास्त्रीय आहे. जोरकस व्यायामात रक्त स्नायूंकडे वळते, आतड्याचा रक्तपुरवठा घटतो. त्यातच आजार उसळलेला असेल, तर जुलाबांवाटे पाणी व क्षार जातात, रक्तस्रावाने रक्तक्षयही होतो. आजार शमल्यावर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे, पोहणे हितकारक. कवायतीच्या तासाला वारंवार बाहेर जाणाऱ्या अशा विद्यार्थ्याला ही गोष्ट ऐकवण्याआधी बाजूला घेऊन विचारावे: आजार सध्या उसळला आहे की शमला आहे?