रोलरखालचे सायलेन्सर आणि न मोजलेला आवाज

रस्त्यावर सायलेन्सर ओळीनं मांडलेले, मागं रोड रोलर, बाजूला अधिकारी आणि खाली आकडा: इतके सायलेन्सर नष्ट. पुण्या-नागपूरकडचा हा फोटो तुम्ही पाहिला असणारच. आपल्या नगरच्या पानावर रोलर असो वा नसो, 'बुलेटराजांना दणका' हे शीर्षक तरी ओळखीचं आहे. पेटची तयारी करताय ना? मग ही बातमी एकदा पेपर म्हणून वाचा. सकाळचा पेपर नव्हे, रिसर्च पेपर.

पेपर वाचताना पहिला प्रश्न असतो, दावा काय आणि पुरावा काय? इथला दावा आहे की कर्णकर्कश आवाजाला आळा बसला. पुरावा म्हणून दिलाय सायलेन्सरचा ढीग. या दोन्हींच्या मध्ये एक आख्खी पायरी गायब आहे. ढिगावरून पोलिसांनी किती काम केलं ते कळतं. सावेडीतल्या एखाद्या आजीला त्या रात्री झोप लागली का, ते कळत नाही. उद्या तुम्ही सिनॉप्सिसमध्ये 'इतक्या गावांत कार्यशाळा घेतल्या, म्हणून जागृती वाढली' असं लिहिलंत, तर गाईड पहिली काट इथंच मारतील.

इथं कायदा नीट बघायला हवा, कारण गोंधळाचं मूळ तिथं आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२अ(४) सांगतं की परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. या कलमाला डेसिबल लागतच नाही. बेकायदा बदल झालाय एवढं दाखवलं की झालं. कलम १९०(२) मात्र वेगळं आहे. त्यात रस्ता सुरक्षा, ध्वनी आणि हवा प्रदूषणाच्या मानकांचा भंग येतो आणि पहिल्याच वेळी दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. मानकाचा भंग म्हटला की मोजमाप आलंच. आता बातमी पुन्हा वाचा. सिद्ध काय झालंय? बदल. जाहीर काय केलंय? ध्वनिप्रदूषण रोखलं. संशोधनात ही चूक इतकी सर्रास होते की तिला वैधतेचा प्रश्न असं भारदस्त नाव आहे. मोजलं एक, सांगितलं दुसरंच.

बरं, मोजलं तर काय होतं? १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे, हे वाक्य सगळीकडं फिरतं. पण ही मर्यादा उत्पादनाच्या टप्प्यावरची आहे. आयएस ३०२८ या पद्धतीत गाडी मोकळ्या ट्रॅकवर ठरलेल्या वेगानं येते, ठरावीक रेषेवर थ्रॉटल पूर्ण उघडला जातो आणि मायक्रोफोन गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर असतो. चौकात मात्र मीटर सायलेन्सरपासून हातभर अंतरावर धरला जातो. छोट्या स्रोताच्या आवाजाची पातळी मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबलनं घटते. साडेसात मीटर आणि अर्धा मीटर यांत १५ पटींचा फरक आहे, म्हणजे गणितानं साधारण साडेतेवीस डेसिबल. साडेसात मीटरवर ८० दाखवणारी गाडी अर्ध्या मीटरवर १०३ च्या आसपास दाखवेल. म्हणजे 'मर्यादा ८०, आढळले १००' या वाक्यातले दोन्ही आकडे खरे असूनही तुलना खोटी असू शकते. उभ्या गाडीचं मोजमाप करायची स्वतंत्र पद्धत आहे, आयएसओ ५१३०. त्यात नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतर, ४५ अंशांचा कोन आणि इंजिनाचे ठरलेले फेरे असतात. त्या आकड्याची तुलना त्याच पद्धतीनं घेतलेल्या आकड्याशीच करायची. शिवाय स्रोताचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा निदान १० डेसिबल वर असायला हवा. संध्याकाळी दिल्ली गेटला उभं राहून हे जमवून दाखवा!

एवढं वाचून शौकीन मित्र खूश होतील. थांबा, हेच शास्त्र त्यांच्याही अंगावर येतं. 'फटाका' म्हणजे क्षणभराचा स्फोट. मीटर स्लोवर ठेवला तर तो एका सेकंदाच्या काळात आवाजाची सरासरी काढतो आणि तो क्षण बोथट करून दाखवतो. फास्टवर हाच काळ १२५ मिलिसेकंदांचा असतो. दुसरी गंमत डेसिबल (ए)ची. हे माप कानाच्या सवयीप्रमाणं खालच्या सुरांना कमी धरतं, १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबलनं कमी. एका सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ स्फोट होतात. बुलेटची ती छातीत घुमणारी धडधड याच खालच्या पट्ट्यातली. खिडकीची काच थरथरते आणि मीटर शांत राहतो. म्हणजे चौकातला आकडा एका बाजूनं फुगलेला असतो, तर दुसऱ्या बाजूनं दबलेला.

शौकिनांचा आवडता दावा म्हणजे 'इंदुरी लावला की पिकअप वाढतो.' डायनोवर आधी आणि नंतर मोजलंय का? बहुतेकदा उत्तर असतं, 'अरे, चालवून बघ ना, कळतं!' हा पुरावा नव्हे. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, एवढंच त्यातून कळतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टच्याच वाटेवर असतो. पूर्ण नळी बदलताना तोही जातो, आणि त्याची भरपाई तुमच्या मागच्या स्कूटरवाल्याच्या फुप्फुसांतून होते. माझं मत विचाराल तर रात्री अकराला दवाखान्यासमोर फटाके फोडणाऱ्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. नियमानं शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे, निवासी भागात ४५.

मग रोलरवर माझा राग का? कारण तो नमुनाच चिरडतो. त्या ढिगात सगळे सारखे नसणार. काही नुसत्या पोकळ नळ्या असतील, काही मूळ सायलेन्सर आतून कापलेले, एखादा बाहेरून वेगळा दिसणारा पण आवाजाला बेताचाच असेल. मोजून, नोंद करून मग चिरडले असते, तर नगरमध्ये नेमकं काय विकलं जातं आणि किती वाजतं, याची राज्यात कुठं नसेल अशी माहिती आपल्याकडं जमली असती. ज्याला दंड झाला त्या पोरालाही 'तुझा इतका वाजला' असा कागद मिळाला असता. आत्ता त्याच्या हाती चलन असतं आणि डोक्यात 'पोलिसांना बुलेटवालेच दिसतात' हे असतं. पोलिसांच्या डोक्यात 'हे सगळे टवाळखोर.' दोन्ही गृहीतकं वर्षानुवर्षं तपासणीविना चालू आहेत. ऊस वाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टरवरच्या दणदणीत टेपवरून हाच वाद कोपरगाव-राहुरीच्या रस्त्यांवर होतो. तिथं तर ड्रायव्हर सांगतो की रात्रभर जागं राहायला गाणी लागतात. यातून एक चांगला संशोधन-प्रश्न निघतो, पण 'कारवाई' या एका शब्दात तो बुडतो.

आणि मोजायला लांब कुठं जायचं? केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ मध्ये ज्या चाचणी संस्थांची नावं आहेत, त्यात आपल्या वाहननगरची व्हीआरडीई आहे. देशभरातल्या गाड्या जिथं तपासल्या जाऊ शकतात, त्याच गावात आवाजाचा निवाडा कानानं होतो.

विषय शोधत असाल तर हा घ्या. दोन चौक निवडा, एकात मोहीम होणार असलेला आणि दुसऱ्यात नसलेला. मोहिमेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे, रात्री दहा ते बारा, मीटर त्याच जागी, त्याच उंचीवर, फास्टवर. सरासरीपेक्षा पार्श्वभूमीच्या वर किती उसळ्या आल्या ते मोजा, कारण झोप उसळीनं मोडते. नंतरचे चार आठवडे कमी वाटले तर आठ करा. दुकानात नवी नळी मिळायला किती दिवस लागतात यावर ते ठरेल. दरम्यान माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. कुठल्या कलमाखाली किती चलनं झाली, मोजमाप कोणत्या पद्धतीनं झालं, आणि मीटरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, हे विचारा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, तोवर तुमची पहिली चार आठवड्यांची नोंद पूर्ण होते.