दोन अध्यक्षा, एक शहर, दोन कपाटं

आपल्या बडोद्यात महाराणी चिमणाबाई मराठी कपाटात सापडतात आणि हंसाबेन मेहता गुजराती कपाटात. दोघी अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. चिमणाबाई १९२७ साली पुण्याच्या पहिल्या अधिवेशनात, हंसाबेन १९४५-४६ मध्ये. तरी दोघींना एकत्र वाचायची आपली सवय नाही, आणि त्यामुळे दोघी अर्ध्याच कळतात.

चिमणाबाईंचं ‘द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ’ १९११ साली लंडनमध्ये छापलं गेलं. मी पेशानं इंजिनिअर. मला ते पाहणी-अहवालासारखं वाटलं. परदेशात बायका कोणती कामं करतात, तिथल्या संस्था कशा चालतात, आपल्याकडे त्यातलं काय जमेल, अशी त्याची मांडणी. भावनेचा भर कमी, आणि तीच त्याची ताकद. पुस्तकाचा विषय निघाला की हमखास प्रश्न येतो: लिहिलं राणीनं की सहलेखक एस. एम. मित्र यांनी? अहो, मित्रांचं नाव पुस्तकावरच छापलंय, लपवाछपवी कुठे आहे? संस्थानिक पुरुषांची भाषणं कोण लिहून देत होतं, हे आपण कधी विचारतो का?

खरी उणीव वेगळी आहे. पुस्तक इंग्रजीत आहे आणि बोलतं ते शिकलेल्या, सुस्थितीतल्या बाईशी. बडोदे संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, मुलींनाही. त्या शाळेतून निघालेली शेतकऱ्याची मुलगी या पुस्तकाची वाचक नव्हे.

पुढचा धागा हंसाबेनकडे जातो. परिषदेच्या प्रयत्नांतून १९३२ साली दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघालं, गृहविज्ञानाचं. १९४९ साली हंसाबेन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या आणि १९५० साली इथेही गृहविज्ञान शाखा सुरू झाली. ‘म्हणजे फिरून स्वयंपाकघरच!’ असं मीही म्हणत असे. मग मावशीच्या वह्या पाहिल्या. ती त्या शाखेत शिकली आणि पुढे शिक्षिका झाली. वह्यांत रसायनशास्त्र, प्रथिनांचे हिशेब, बालमानसशास्त्र. माझं मत बदललं. पण पुरतं नाही. कलाभवनात आमच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. एक दार उघडलं, पण दुसरं बराच काळ किलकिलंच राहिलं.

आपले चरित्रलेख ‘पहिल्या महिला’ एवढ्यावर थांबतात. त्यामुळे अवघड प्रश्न राहून जातात. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘ऑल मेन’च्या जागी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ यावं म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसाबेननी संविधान सभेत स्त्रियांसाठी राखीव जागा नकोत असं सांगितलं. तत्त्व म्हणून ते ताठ आहे. पण त्यांचे वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण होते. चिमणाबाई तर राणीच. ज्यांच्या घरात दिवाणपद नाही त्यांचं काय? ७४व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना राखल्या, तेव्हा कुठे साध्या घरातल्या बायका मोठ्या संख्येनं सभागृहात पोचल्या. इथे हंसाबेनचा अंदाज चुकला, असं मला वाटतं. तसं लिहिल्यानं त्यांचा मान कमी होत नाही.

आपल्या मंडळात पुढच्या वेळी दोन्ही कपाटं एकदम उघडूया.