फुलेरा आणि आमची बैठक

आमच्या घरी मालिका एकट्याने पाहिली जात नाही. मोबाईल पुतण्याचा, नेट धाकट्या भावाचे, टीव्ही अब्बांच्या खोलीतला आणि पाहणारे आठ-दहा जण. त्यामुळे 'पंचायत' आम्ही जितकी पडद्यावर पाहिली, तितकीच शेजारी बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर. कोण कुठे हसले, कोण कुठे गप्प झाले आणि कोण नेमक्या वेळी पाणी प्यायला उठले, याची नोंद आमच्या मनात होत गेली. या मालिकेवर बरेच लिहून आले आहे. पण राळेगावच्या एका बैठकीत ती कशी उतरली हे कोणी लिहिणार नाही, म्हणून हा प्रपंच.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, मालिकेचे पहिले पर्व आले. जून २०२५ मध्ये चौथे आले, तेव्हा विदर्भातल्या शाळा नुकत्याच उघडत होत्या. गोष्ट साधी आहे. अभिषेक त्रिपाठी हा शहरातला इंजिनिअर. त्याला मनासारखी नोकरी मिळत नाही, म्हणून उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यात फुलेरा नावाच्या गावी तो ग्रामपंचायतीचा सचिव होऊन जातो. पगार वीस हजार. आपले नशीब इथे नाही, आपल्याला व्यवस्थापनाच्या मोठ्या संस्थेत जायचे आहे, अशा समजुतीने तो रात्री जागून प्रवेश परीक्षेचा अभ्यास करतो. दिवसा मात्र गाव त्याला सोडत नाही. नशीब दुसरीकडे आपली वाट पाहत उभे आहे, की आपण जिथे नाक मुरडत उभे आहोत तिथेच ते आहे, हा प्रश्न लेखक चंदनकुमार यांनी भाषणाने नव्हे तर लौकीने मांडला आहे. प्रधानजी खूश झाले की सचिवाच्या हाती लौकी ठेवतात. सुरुवातीला ती लौकी अभिषेकला ओझे वाटते. पुढे त्याच लौकीत त्याला घर दिसू लागते. हे इतक्या हळू घडते की आपल्याला पत्ताही लागत नाही. मालिकेची खरी कमाई इथे आहे.

पण आमच्या बैठकीत पहिली ठिणगी पडली ती पगारावर. अभिषेक वीस हजारांसाठी कपाळाला हात लावतो, तिथे प्रेक्षकाने हसावे अशी अपेक्षा आहे. आमच्याकडे त्या वेळी तीन बी.एड. झालेले तरुण बसले होते. एकजण म्हणाला, "बीस हजार मिल रहे और रोता है!" बाकीचे हसले, पण ते हसू मालिकेला अपेक्षित असलेले नव्हते. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिकचे मानधन तीन हजार होते. पुढे ते सहा हजार झाले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले. जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार झाले. त्या आधी बी.एड. किंवा डी.एड., मग २०१३ पासून पात्रता परीक्षा, मग २०१७ पासून अभियोग्यता चाचणी, मग पोर्टलवरची प्रतीक्षा. उर्दू माध्यमाचे आणखी एक दुखणे आहे. राखीव प्रवर्गाच्या जागांसाठी उर्दूत शिकलेला उमेदवार मिळत नाही, म्हणून जागा रिकाम्या राहतात. समोर मुले बसलेली असतात आणि शिकवायला कोणी नसते. अभिषेकला जी शिक्षा वाटते, ती या तरुणांची मंझिल आहे. त्याच्या दुःखातला विनोद त्यांना कळला नाही असे नाही. कळला, म्हणूनच ते तसे हसले.

हा मालिकेचा दोष मानावा का? आमचे मत, नाही. खिशात परतीचे तिकीट असलेल्या माणसाची ही विनोदी गोष्ट आहे आणि ती आपली मर्यादा लपवत नाही. उलट प्रधानजींच्या भूमिकेत रघुवीर यादव यांना पाहताना आम्हाला तिकीट नसलेली माणसे आठवत राहिली. १९८९ च्या सुमारास दूरदर्शनवर प्रकाश झा यांची 'मुंगेरीलाल के हसीन सपने' आली, तेव्हा आमच्यापैकी काहीजण अम्मीच्या मांडीवर होतो. कचेरीत साहेबाची आणि घरी सासऱ्याची बोलणी खाणारा तो कारकून डोळे उघडे ठेवून स्वप्ने बघे आणि स्वप्नात राजा होई. अब्बा अजून सांगतात, त्या काळी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अर्धा मोहल्ला. त्या मुंगेरीलालला लोक पोट धरून हसत, कारण प्रत्येकाच्या घरात एक मुंगेरीलाल होताच.

नंतर २०१० चा 'पीपली लाइव्ह'. हेच रघुवीर यादव तिथे बुधियाच्या भूमिकेत होते. जमीन लिलावात जाऊ नये म्हणून धाकट्या भावाने, नत्थाने, जीव द्यावा आणि सरकारी मदत घरी यावी, असा बेत हे दोन भाऊ करतात. दिग्दर्शिका अनुषा रिझवी, सहदिग्दर्शक महमूद फारूकी. आपल्या नावांची माणसे म्हणून आम्हाला त्याचे कौतुक अधिक. पण चित्रपट आला तेव्हा विदर्भातल्या शेतकरी कार्यकर्त्यांनी त्याचा निषेध केला. पैशासाठी शेतकरी मरतो असे यात दाखवले आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आमचा तालुका कापसाचा. यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर कशामुळे गेले ते वाचकांना सांगायला नको. आम्हाला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते, की तो चित्रपट नत्थाला हसत नाही. त्याच्या दारात तळ ठोकून बसलेल्या कॅमेऱ्यांना आणि पुढाऱ्यांना हसतो. पण ज्या घरातून जनाजा किंवा तिरडी निघाली, त्या घराने हा फरक ओळखून हसावे, असे म्हणायची आमची जीभ रेटत नाही. विनोद खरा असूनही ऐकणाऱ्याला सोसत नाही, असे होते. समीक्षेने दोन्ही गोष्टी मान्य कराव्यात.

'पंचायत'ने हे भान ठेवले आहे. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी उपप्रधान प्रल्हादच्या सैनिक मुलाची बातमी येते, तेव्हा मालिका आपला सगळा विनोद गुंडाळून ठेवते. आमची खोली गप्प झाली. अब्बा उठून वजू करायला गेले. तकदीर या शब्दाचा आमच्या घरी अदब आहे. राशी, नजूमी, हातावरच्या रेषा यांवर खुशाल हसावे, तकदीरवर नाही. मात्र आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवणही त्याच घरातली. अभिषेक आपला उंट रोज बांधतो आणि रोज सोडतो, म्हणून तो आम्हाला आवडतो.

आता बायकांच्या बाजूला बसलेल्यांकडे वळू. खरे तर नशिबाचा शोध या मालिकेत अभिषेकपेक्षा मंजूदेवीचा मोठा आहे, आणि हे आम्हाला समीक्षेच्या पुस्तकांनी नव्हे, भाभींनी दाखवून दिले. निवडून आलेली प्रधान मंजूदेवी, पण 'प्रधानजी' म्हणायचे तिच्या नवऱ्याला. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. बाई सरपंच आणि खुर्चीत नवरा, हे चित्र आमच्या तालुक्यालाही परके नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटी प्रजासत्ताक दिनाला ती राष्ट्रगीत म्हणायला उभी राहते. नीना गुप्ता यांनी त्या क्षणी चेहऱ्यावर जे आणले आहे, ती भीती आम्ही दरवर्षी शाळेच्या मैदानावर माईकसमोर आलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर पाहतो. भाभी त्या प्रसंगाला हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "उसको पहले किसी ने पूछा ही नहीं था, आता है क्या।"

हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. आमच्या वर्गातल्या मुली दहावीपर्यंत मुलांच्या पुढे असतात. मग पुढच्या शाळेसाठी एसटीचा पास काढायची वेळ येते आणि कितीतरी जणींचे दप्तर तिथेच राहते. तिला आवडते काय, येते काय, हे न विचारताच तिच्या नशिबाचे नाव ठरून जाते. अभिषेकला निदान चार पर्वे मिळाली.

चौथ्या पर्वात लौकी आणि कुकर या निशाण्यांवर गावची निवडणूक लढवली जाते आणि मंजूदेवी हरते. हे पर्व आम्हाला सगळ्यात पातळ वाटले. नशिबाचा प्रश्न बाजूला राहतो आणि कुरघोड्याच उरतात. पण ते असो.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. चार पर्वांत लक्षात राहावे असे एकही मुस्लिम पात्र आम्हाला आठवत नाही. बैठकीत यावर दोन तट पडले. काहीजण म्हणाले, बरेच झाले. असतो तर कसाई असतो, नाहीतर शेर म्हणणारा म्हातारा. आम्हाला ही समजूत पटत नाही. १९८६ च्या 'नुक्कड'मध्ये हॉटेलवाला कादरभाई होता, करीम हज्जाम होता. त्यांना कोणी आदर्श केले नव्हते. गुरू, खोपडी आणि गणपत हवालदार यांच्यासारखेच तेही उधारीवाले, भांडखोर, मायाळू. प्रेक्षक त्यांना हसत, तसेच त्यांच्यासोबतही हसत. विनोदातून वगळले जाणे म्हणजे शेजारातून वगळले जाणे. खलनायक म्हणून दिसण्याचा राग आपण जाहीरपणे करतो. न दिसण्याचा राग करायची सवय मात्र आपण सोडून दिली आहे.

पाचवे पर्व येणार असे जाहीर झाले त्या दिवशी सातवीतल्या पुतणीने अब्बांना विचारले, "दादा, फुलेरा में अपने लोगों के घर किधर हैं?"

अब्बांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "होंगे बेटा. कॅमेरा उस गली में मुडा नहीं होगा।"

ती म्हणाली, "तो मुडाने को बोलो ना किसी को।"