शरीर, माती आणि मस्टर

इतिहासकार नील माहर यांचा ‘नेचर्स न्यू डील’ (२००८) हा ग्रंथ महामंदीकालीन अमेरिकी संवर्धन दलाचा (१९३३-४२) इतिहास मांडताना भूदृश्य आणि श्रमिकाचे शरीर या दोन संहिता एकत्र वाचतो. शिबिरातील तरुणांचे वाढलेले वजनही येथे पुरावा ठरते. ही पद्धत मोहविणारी आहे; परंतु विसापूरच्या १९६५ च्या प्रयोगातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेकडे वळताच ती अडखळते. संवर्धन दल पुरुषांचे होते, त्यांची शिबिरपत्रे होती. पाझर तलावांवर माती वाहणाऱ्या स्त्रिया मात्र मस्टरवर नाव, दिवस आणि अंगठा एवढ्याच उरतात. माहर यांचा शरीरविचार येथे लावायचा, तर तो अंगठाच संहिता मानावा लागेल. आणि बोगस मस्टरांचा इतिहास पाहता प्रत्येक अंगठ्यामागे राबलेला देह होता, असे गृहीत धरता येत नाही.