प्रसंग आणि जीवनवृत्त

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा माणसे मृत्युमुखी पडली. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेमुळे रहिवासी रस्त्यावर आले होते. अशा वस्तीत जाणाऱ्या संशोधकाचा पहिला प्रश्न त्या सकाळीविषयी असणे स्वाभाविक होय. अडचण उद्भवते ती शेवटचा प्रश्नही तोच असला म्हणजे. आयुष्यभर संसार ओढलेली स्त्री मग केवळ साक्षीदार म्हणून कागदावर उतरते. तिचे माहेर, तिची मजुरी, पाण्याच्या रांगेतील तिची वर्षे ही सारी पार्श्वभूमी ठरतात.

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा अनुबोधपट चौदा वर्षांच्या चित्रणातून सिद्ध झाला. या दीर्घ सहवासामुळे त्यातील माणसे प्रसंगापलीकडे वाढलेली दिसतात. तथापि त्याच्या केंद्रस्थानी आहेत ते मुलुंडचे शाहीर विलास घोगरे. गोळीबारानंतर चारच दिवसांनी त्यांनी आत्महत्या केली. डाव्या सांस्कृतिक चळवळीत गायिलेल्या या शाहिराच्या डोक्याला त्या वेळी निळे फडके बांधलेले होते. त्या फडक्यातून जात आणि वर्ग यांच्या नात्याचा प्रश्न उभा राहतो. प्रश्न मोलाचा खरा. परंतु ज्याने उत्तर द्यावयाचे तोच नाही, आणि त्याचे आयुष्य त्याच्या अंतापासून उलटे वाचले जाते. पटवर्धनांच्याच ‘हमारा शहर’ (१९८५) या पटात घोगरे यांचे गाणे पूर्वी ध्वनिमुद्रित झाले होते, म्हणून निदान त्यांचा आवाज तरी इतरांच्या अर्थाखाली दबला नाही.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात, उलटपक्षी, आंबेडकरी चळवळीतील स्त्रिया स्वतः बोलतात. लेखिका त्याच परंपरेतील असल्याने परकेपणाची भिंत नाही. मात्र शीर्षकातच एक अट दडलेली आहे. महाड (१९२७) किंवा नागपूरची महिला परिषद (१९४२) यांच्या दारातूनच आत येणाऱ्या स्त्रीला जीवनवृत्त लाभते. उंबऱ्यापाशीच राहिलेल्या तिच्या जावेला ते लाभत नाही. शिवाय आपल्याच माणसांपुढे चळवळीविषयीची नाराजी कितपत उच्चारली जाते?

या शंकेचे निरसन छापील उत्तरावरून होणे कठीण आहे. त्यासाठी प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला आणि उत्तरापूर्वी निवेदक किती वेळ थांबला, हे कळावे लागते. दहिसरच्या ‘स्पॅरो’ या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री-अभिलेखागारात मुलाखती ध्वनिरूपाने जतन होतात. प्रबंधाच्या परिशिष्टात मात्र अद्याप बहुधा केवळ नमुना-प्रश्नावली जोडलेली आढळते.