‘वाडा चिरेबंदी’तील गाव : एक पुनर्विचार

प्रस्तावना :
महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. धरणगावकर देशपांडे या वऱ्हाडी घराण्याच्या ऱ्हासाची कहाणी, असा त्याचा परिचय रूढ आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. वाडा ज्या गावाच्या बळावर उभा राहिला, त्या गावाचे नाटकातील स्थान त्यातून निसटते.

विवेचन :
देशपांडे हा मुळात परगण्याचा हिशेब राखणारा वंशपरंपरागत वतनदार. गावाने पिकवावे आणि वाड्याने मोजून घ्यावे, असे हे नाते होते. विदर्भासाठीचा १९५८ चा कूळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा यांनी त्याचा आर्थिक पाया खिळखिळा केला. तात्याजींच्या मृत्यूनंतर नाटक सुरू होते, तेव्हा सत्ता सरलेली असून प्रतिष्ठेचे ओझे तेवढे उरले आहे. दिवसकार्याचा खर्च ऐपतीबाहेरचा असूनही भास्करला तो टाळवत नाही. गाव पाहत असते. पूर्वी गाव वाड्याला देई, आता वाडा गावाच्या नजरेला कर भरतो. नात्याची ही उलटापालट हाच नाटकाचा गाभा होय.

अंगणात गंजणारा ट्रॅक्टर याच दृष्टीने पाहावा लागतो. घराण्याने यंत्र आणले, पण जमीन कसण्याची वृत्ती आणली नाही. घरातील सर्वाधिक कष्ट उपसणाऱ्या चंदूलाच त्या ट्रॅक्टरची जखम व्हावी, ही योजना अर्थपूर्ण आहे.

मुंबईहून आलेल्या सुधीरपाशी पैसा असेल, असे वाड्याला वाटते. वाड्यात अजून काही शिल्लक असेल, असे सुधीर-अंजलीला वाटते. दोन्ही समजुती पोकळ आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील वाचकाला हा प्रसंग परका वाटू नये. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून वाढले. त्यांची मागची घरे सीमेपलीकडे राहिली. नोकरीसाठी गाव सोडून अंबरनाथ-बदलापुरात स्थिरावलेल्यांचे घर मात्र गावी उभे असते आणि त्याबरोबर वाटणीचा प्रश्नही. सुधीर या दुसऱ्या वर्गाचा प्रतिनिधी ठरतो.

मर्यादा :
तथापि, ज्याच्या नजरेचा एवढा धाक, ते गाव रंगमंचावर येत नाही. बोलणारी सारी पात्रे कुटुंबातीलच आहेत. वाड्यातील स्त्रियांची घुसमट, विशेषतः शिक्षणापासून वंचित राहिलेल्या प्रभाची, नाटककार सहृदयतेने टिपतो. परंतु ज्या कुळांनी आणि शेतमजुरांनी हा वाडा पोसला, त्यांच्या बाजूने ऱ्हासाचा अर्थ काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. वाड्याची पडझड सर्वांसाठी शोकात्म असेलच असे नाही.

निष्कर्ष :
कौटुंबिक शोकनाट्य म्हणून ‘वाडा चिरेबंदी’चे मोल निर्विवाद आहे. वाड्याचा इतिहास म्हणून ते शिकविताना मात्र शेजारी गावाचा इतिहासही ठेवावा लागेल. चिरे वाड्याचे असले, तरी ते वाहणारे हात गावाचे होते.