सही जुळत नाही

वर्धा जिल्ह्यात सिंदी दोन आहेत. एक सिंदी रेल्वे. ती सेलू तालुक्यात आहे आणि तिला स्वतःचं स्टेशन आहे. दुसरी आमची सिंदी मेघे. ती वर्धा शहराला अगदी खेटून आहे आणि तिला स्वतःचा असा फक्त धुरळा आहे. नवा पाहुणा हमखास त्या सिंदीला उतरतो आणि तिथून फोन करतो, "अहो, मी सिंदीत आलोय, तुमचं घर कुठे आहे?" आम्ही म्हणतो, "तुम्ही खऱ्या सिंदीत या." स्टेशनवाले म्हणतात, खरी सिंदी आमचीच, तुम्ही नुसतेच मेघे. अशा गावात राहिल्यावर अस्सल कोण आणि नक्कल कोण या वादात माणूस लहानपणीच तयार होतो. तरीसुद्धा परवाच्या कोजागिरीला आमच्या गच्चीवर जो वाद झाला, त्याला मी तयार नव्हतो.

कोजागिरीला आमच्या कॉलनीत सालाबादप्रमाणे मसाला दूध असतं. सोबत गोरसपाक. (वर्ध्याच्या माणसाला गोरसपाक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून समजत नाही.) आधी मुलींची भुलाबाईची गाणी झाली, खिरापत ओळखून झाली. मग एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईंना आग्रह झाला. बाईंनी 'स्वयंवर' नाटकातलं यमनमधलं पद घेतलं. पद सगळ्यांच्या ओळखीचं. त्यामुळे पहिल्याच सुराला माना डोलू लागल्या आणि तिसऱ्या सुराला अर्ध्या थांबल्या. कारण बाईंनी ते बालगंधर्वांसारखं म्हटलं नाही, कुमार गंधर्वांसारखं म्हटलं.

गाणं संपल्यावर पोस्टातून निवृत्त झालेले काका उठले. म्हणाले, "बाई, गाणं चांगलं झालं जी. पण हे ते गाणं नव्हे."

तेव्हा मराठी शिकवून निवृत्त झालेले गुरुजी म्हणाले, "गाणं तेच होय. तुमचा कान तो नाही."

झालं! गच्चीचे दोन भाग पडले. खरं म्हणजे तीन. तिसरा भाग 'हिंदी गाणी कधी सुरू होणार' असं विचारणाऱ्यांचा होता आणि बहुमत त्यांचंच होतं. पण लोकशाहीत बहुमताचं ऐकायचं असतं, मैफलीत नसतं. वाद अर्धा तास चालला. ज्यांच्याकडे दूध ढवळायचं काम होतं ते गृहस्थ बालगंधर्व पक्षाचे निघाले. ते पातेलं सोडून वादात पडले आणि दूध खाली लागलं. यंदा आम्ही करपलेलं दूध प्यायलो ते शास्त्रीय संगीतापायी.

हा वाद आमच्या गच्चीवर जन्मलेला नाही. तो आमच्यापेक्षा वडील आहे. १९६०च्या दशकात कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांच्या पदांचा एक कार्यक्रम केला आणि त्याला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. पुढे त्याची रेकॉर्डही निघाली. तेव्हापासून महाराष्ट्रात दोन तट आहेत. एक म्हणतो, कुमारांनी बालगंधर्व नव्याने दाखवले. दुसरा म्हणतो, होते ते घालवले. दोन्ही तटांना दोन्ही गंधर्व आवडतात हे विशेष. भांडण एकाच घरातलं असलं की जास्त टिकतं.

आता मी या विषयावर बोलायला कोण? तर मी एक बीकॉम झालेला बँकेतला क्लार्क. वादी-संवादी मला कळत नाहीत, जमा-नावे कळतं. तेव्हा कुमारांचा हिशेब मी माझ्या पद्धतीने मांडतो.

आधी नावे बाजू. बालगंधर्व गात तेव्हा ते नारायणराव राजहंस नसत. समोर रुक्मिणी असे, सिंधू असे. नऊवारीतली ती बाई आपलं सुख नाहीतर दुःख सांगायची आणि बोलता बोलता गाण्यात शिरायची. ते गाणं लडिवाळ, गोल, कुठेही न अडखळता एका ओघात येणारं. कुमारांच्या गाण्यात ही बाई सापडत नाही. 'एकच प्याला'मधली सिंधू जात्यावर बसलेली मला दिसेनाशी होते आणि जातं मात्र रागात लावलेलं ऐकू येतं. नाटक बाजूला होतं, पद उरतं. हे नुकसान मामुली नाही. काकांची तक्रार तीच होती, फक्त त्यांना ती आवाज चढवल्याशिवाय मांडता येत नव्हती.

आता जमा बाजू. बाई गेली, पण तिच्या पदराआड झाकलेली चीज उघडी पडली. बालगंधर्वांचा सूर किती नेमका होता, एक साधी हरकत केवढी विचारपूर्वक बसवलेली होती, हे कुमार ऐकवतात. आपण सोन्याचा दागिना घातलेली बाई बघत होतो. कुमारांनी दागिना उतरवून तराजूत घातला आणि म्हणाले, बघा, बावनकशी आहे. दागिना ठेवून कर्ज देणाऱ्या बँकेत रोज हेच चालतं, त्यामुळे मला हा प्रकार लगेच समजला. ज्यांना दागिना अंगावरच बघायचा असतो, त्यांना तराजू म्हणजे अपमान वाटतो.

आणि कुमारांना नक्कल येत नव्हती असं कुणी म्हणू नये. नक्कल हा तर त्यांचा लहानपणचा धंदा होता! १९२४ साली बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा म्हणून दाखवायचा आणि लोक थक्क व्हायचे. मग तो मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला गेला आणि रेकॉर्डीच्या पलीकडे गाणं असतं हे त्याला कळलं. पुढे क्षयाने फुप्फुस निकामी केलं, देवासला जवळजवळ पाच वर्षं गाणं बंद राहिलं. बरे झाले तेव्हा लांब पल्ल्याचा दम उरला नव्हता. मग लहान लहान तुकडे, एकदम फेकलेला सूर, मध्येच शांतता. बालगंधर्वांची ओळ नदीसारखी वाहायची, कुमारांची ओळ विजेसारखी चमकून जायची. जो माणूस दहाव्या वर्षी हुबेहूब नक्कल करत होता तो चाळिशीत करत नाही, याचा अर्थ त्याला जमत नाही असा नसतो. त्याला ती करायची नसते.

शिवाय कार्यक्रमाचं नावच बघा. 'बालगंधर्व' असं नव्हे, 'मला उमजलेले बालगंधर्व'. एवढं प्रामाणिक नाव बँकेच्या योजनेलासुद्धा नसतं. अटी लागू आहेत हे बारीक अक्षरात तळाला न छापता त्यांनी शीर्षकातच छापलं.

गच्चीवर काका शेवटी म्हणाले, "ते सगळं खरं, पण मूळ ते मूळ!"

त्या रात्री मला झोप लागेना. (दूध करपलेलं होतं हेही एक कारण.) मूळ म्हणजे नेमकं कोणतं? आपल्या कानात असलेले बालगंधर्व बहुतेक रेकॉर्डीतले आहेत आणि त्या जुन्या रेकॉर्डीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपायची. रंगभूमीवर तेच पद वन्समोरवर वन्समोर घेत वाढायचं. तबल्यावर थिरकवाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष, आणि नाटक संपेस्तोवर पहाट व्हायची. प्रत्येक वन्समोरला जागा निराळी, हरकत निराळी. मग यातलं मूळ कोणतं? पहिलं, की चौथं? आणि १९१६ सालच्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या, त्याही जुन्या बंदिशींवरून. म्हणजे रुक्मिणी जे गायची ते आधीच कुणीतरी कुणाच्या तरी मैफलीत गाऊन ठेवलेलं. मुळापर्यंत जाऊ म्हटलं तर आपण भुसावळ, खांडवा करत थेट ग्वाल्हेरला उतरतो आणि तिथेही कुणीतरी सांगतं, खरी चीज इथली नव्हे.

आमच्या विदर्भाने तर हे जवळून पाहिलंय. मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे दीनानाथ मंगेशकरांची पदं गायचे, तेव्हा जुने लोक म्हणत, गातो तयारीने, पण दीनानाथ ते दीनानाथ. (वसंतराव लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते, याचा आम्हा कारकुनांना फार अभिमान आहे. त्यांच्यासारखं गाता येत नसलं तरी त्यांच्यासारखी रजा मागता येते.) मग १९६७ साली नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' आलं आणि वसंतराव स्वतःच मूळ झाले! त्यांचे नातू राहुल देशपांडे 'कट्यार' गायला उभे राहिले, २०१५ साली सिनेमा आला, तेव्हा दीनानाथवाल्यांची मुलं म्हणाली, चांगलं आहे, पण वसंतराव ते वसंतराव. आणखी तीस वर्षांनी काय म्हणतील ते मी आजच लिहून देतो, हवं तर स्टॅम्प पेपरवर.

माझा पुण्याचा भाचा गिटार वाजवतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मामा, आमच्याकडेही हेच आहे. बॉब डिलन यांनी १९६७ साली एक साधं, शांत गाणं काढलं. पुढच्याच वर्षी ब्लूजच्या तालमीतला जिमी हेंड्रिक्स नावाचा गिटारवाला आला आणि त्याने त्याच गाण्यात वादळ उठवलं. पुढे खुद्द डिलनच ते हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागले. म्हणजे मालकाने येऊन भाडेकरूला विचारलं, भिंतीला हा रंग कुठला लावलात हो?

इथवर मी तटस्थ होतो. आता तटस्थपणा सोडतो.

आमच्या घरी बाबा कट्टर बालगंधर्ववाले होते. काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, मोठ्या हौसेने कुमारांची ती रेकॉर्ड आणली. बाबांनी एक पद ऐकलं, उठले आणि म्हणाले, "बंद कर. ओळ तोडतो तो." काका दुखावले. त्यांनी रेकॉर्ड परत नेली आणि त्यानंतर आमच्याकडे पुन्हा कधी गाणं ऐकायला बसले नाहीत. जेवायला यायचे, बोलायचे, पण गाण्याचा विषय काढायचा नाही. दोन भावांमध्ये शेतीवरून, घरावरून वाद होतात हे मी बँकेत रोज पाहतो. आमच्याकडे ते यमनवरून झालं. गंमत म्हणजे बाबांनी बालगंधर्व रंगभूमीवर कधी पाहिलेच नव्हते. आजोबांनी पाहिले होते. बाबांजवळ जे होतं ते आजोबांनी वर्णन केलेलं आणि रेकॉर्डीवर घासून घासून खरखरीत झालेलं.

बाबा गेले. कोजागिरीच्या त्या रात्री मी काकांना फोन केला. पंचाऐंशी वर्षांचा माणूस, रात्री साडेबाराला जागा होता. मी म्हटलं, "काका, कुमारांचं ते पद ऐकावंसं वाटतंय." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ये उद्या. रेकॉर्ड आहे अजून."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ते ऐकलं. आणि ओळीच्या मध्यावर कुमार थांबले तेव्हा मी दचकलो. ती जागा माझ्या ओळखीची होती. बाबा रोज सकाळी दाढी करताना हेच पद म्हणायचे. त्यांना दमा होता. पूर्ण ओळ एका दमात कधीच जायची नाही. बरोबर तिथेच तुटायची, वस्तरा गालावर थांबायचा, श्वास घेतला जायचा, आणि मग उरलेली ओळ यायची. मी जन्मभर बालगंधर्वांची बाजू घेतली असं मला वाटत होतं. मी बाबांची बाजू घेत होतो. आणि बाबा तर ओळ तोडूनच गायचे!

मी काकांना हे सांगितलं. काका म्हणाले, "मला माहीत आहे. म्हणून तर मी ती रेकॉर्ड त्याच्यासाठी आणली होती."

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

दोन दिवसांनी पोस्टातले काका, म्हणजे गच्चीवरचे, पैसे काढायला बँकेत आले. स्लिपवरची सही आणि संगणकावरची नमुना सही यांचा काही मेळ नव्हता. हात थरथरतो त्यांचा. मी म्हटलं, "काका, सही जुळत नाही." त्यांनी दुसरी केली. ती पहिलीशीही जुळेना. तिसरी केली, ती निराळीच.

"अरे, मी समोर उभा आहे ना!" काका वैतागले. "सही म्हणजे काय छापा होय का?"

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. सही थोडी इकडेतिकडे झाली तर आम्ही माणसाकडे बघतो. पण दोन सह्या तंतोतंत, केसाचाही फरक नसलेल्या दिसल्या, तर मात्र आम्हाला संशय येतो. कुणीतरी काचेवर कागद ठेवून गिरवलेली असते. जिवंत माणसाची सही दोनदा सारखी येत नाही.

हे मी काकांना म्हणालो नाही. मागे रांग होती. मी स्लिप पास केली, पैसे मोजून दिले. काकांनी ते पुन्हा मोजले, खिशात ठेवले आणि जाता जाता मागे वळून म्हणाले, "त्या बाई पुढच्या कोजागिरीला येतील का रे? आल्या तर म्हणावं, तेच पद घ्या. नीट ऐकायचं राहिलं माझं."